मांडीवरचा डबा

"तो डबा मागे नको, कुमुद. इकडे दे, माझ्या मांडीवर."

नैरोबीतल्या आमच्या घरासमोर लँडरोव्हर उभी होती. तंबू, पाण्याचे कॅन, रॉकेलचा स्टोव्ह, डाळतांदळाची पिशवी आणि माझी देवाची पेटी, सगळं मी आणि बाळने मिळून मागे रचलं होतं. तेवढा तो डबा राहिला होता. तुपाचा पंधरा किलोचा असतो तसा, चौकोनी, पत्र्याचा. झाकणावर निळ्या रंगाने नाव लिहिलेलं होतं, रेवती सबनीस.

सबनीस मीही होते. दोन वर्षांपासून.

मी डबा उचलून ह्यांच्याकडे दिला. आकाराच्या मानाने हलका होता. आत काय आहे ते मला माहीत नव्हतं. लग्न होऊन आले त्या दिवशी ह्यांनी कपाटावर बोट दाखवून सांगितलं होतं, "घर सगळं तुझं. फक्त त्या डब्याला हात लावू नकोस." मी लावला नव्हता. कपाट पुसताना त्याच्या भोवतीने फडकं फिरवायची.

ह्यांनी डबा मांडीवर घेतला, नीट बसवला, मग वाकून पायांतले बूट काढले आणि सीटखाली सारले. मोजेही काढले. मी मागच्या सीटवरून बघत होते. मी रोज देवापुढे बसते तेव्हा हे बाहेर व्हरांड्यात बुटांसकट पेपर वाचत असतात. आणि पहिल्या बायकोच्या डब्यासाठी अनवाणी.

"निघायचं का, दिनकरराव?" बाळने विचारलं.

"चल."

बाळ गुप्ते हा रेवतीचा धाकटा भाऊ. त्याचं नैरोबीत मोटारींचं गॅरेज होतं. बहीण जाऊन पाच वर्षं झाली होती, तरी दर रविवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. पहिल्याच रविवारी मला म्हणाला, "तुम्हाला वैनी म्हणू की ताई? ताईच म्हणतो. ती जागा रिकामी आहे." मनाने फार चांगला माणूस. पण मला त्या रिकाम्या जागेवर बसायचं नव्हतं, हे त्याला कोण सांगणार? माझा आवाज आधीच कोणाला ऐकू जात नाही.

आम्ही उत्तरेला तुर्काना सरोवरावर निघालो होतो. हे विंधनविहिरी खोदण्याच्या कामावर होते, त्या भागात पूर्वी कितीदा तरी जाऊन आलेले. पण रेवती गेल्यापासून एकदाही गेले नव्हते. आणि एका संध्याकाळी जेवताना एकदम म्हणाले, "तुला तळं दाखवायचंय." मला इतका आनंद झाला की मी त्या रात्री पेटी भरायला घेतली. डब्याचं तेव्हा कुठे माहीत होतं?

तीन दिवसांचा रस्ता. पहिला दिवस बरा गेला. मारालालच्या पुढे रस्ता म्हणजे नुसते दगड. गाडी उसळली की हे दोन्ही हातांनी डबा धरायचे. स्वतःचं डोकं टपाला आपटलं तरी डबा सोडायचे नाहीत.

"ताई, तळ्यावर मासे मिळतात बरं का," बाळ स्टिअरिंग सांभाळत म्हणाला. "हा एवढा एकेक. पोचलो की करा झणझणीत."

"चातुर्मास आहे," मी म्हटलं.

"ऐका! सबनिसांच्या घरात मासे न खाणारी बाई! दिनकरराव, आपल्या सगळ्या जातीला कळलं तर वाळीत टाकतील तुम्हाला."

हे हसले. मीही हसले. मग बाळ सवयीने पुढे म्हणाला, "आमची रेवी तर तळ्यात उतरून स्वतः धरायची. मगरी असतात हो तिथे! मी काठावरून ओरडतोय, आणि बाईसाहेब गुडघाभर पाण्यात, पँट वर दुमडून. ह्या रस्त्याने गाडीही तिनेच आणली होती. आठवतं का, दिनकरराव? एक टायर फुटला तर म्हणाली, तुम्ही दोघं चहा करा, मी बदलते."

"आठवतं," हे म्हणाले. एवढंच. पण डब्यावरचा त्यांचा अंगठा हलला, झाकणाच्या कडेवरून हळूच फिरला.

मला गाडी येत नाही. मला पोहता येत नाही. रोह्याला वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत बिनलग्नाची राहिलेली मी, स्थळ आलं तेव्हा माझ्या मावशीने ह्यांना एकच गोष्ट सांगितली होती, मुलीला देवाधर्माचं फार आहे, तुमच्या घरात दिवा लागेल. सोळाव्या वर्षापासून माझा नेम. सकाळी दिवा लावून एकशे आठ नामं घेतल्याशिवाय तोंडात पाणी नाही. दिव्याच्या वाती आदल्या संध्याकाळी मीच वळायची, कापूस मीच निवडायची. माझ्याजवळ एवढंच होतं, आणि ते मला पुरत होतं.

म्हणून मी बाळला विचारलं. दोन दिवस धीर गोळा करून विचारलं. "रेवतींना देवाधर्माची आवड होती का हो?"

बाळ मोठ्याने हसला. "रेवीला? आम्ही सगळे देवळात जायचो आणि ती बाहेर चपला सांभाळत बसायची. म्हणायची, तुमच्या देवापेक्षा ह्याच जास्त चोरीला जातात."

देवा, क्षमा कर, पण मला इतकं हलकं वाटलं. चला, म्हणजे एक तरी दार असं होतं जिथून ती कधी आत आली नव्हती.

तळं तिसऱ्या दिवशी दुपारी दिसलं. एका चढावर बाळने गाडी थांबवली. खाली सगळा काळा दगड, जळून विझलेल्या भट्टीसारखा, आणि त्याच्या पलीकडे ते पाणी. हिरवं. जुन्या तांब्याच्या कळशीवर चढतो तसा हिरवा रंग. पलीकडचा काठ कुठेच दिसत नव्हता. मी हात जोडले. शेजारी हे उभे होते, डबा छातीशी धरून, अनवाणी, त्या तापलेल्या दगडांवर.

"बूट घाला ना," मी म्हटलं. "पाय भाजतील."

"असू दे."

संध्याकाळी काठापासून जरा वर, तीन-चार ताडाच्या झाडांजवळ तंबू ठोकले. सूर्य टेकला आणि वारा सुटला. तसा वारा मी आयुष्यात पाहिला नव्हता. डोंगरावरून खाली कोसळत येतो तो, आणि थांबत नाही. पहाटेपर्यंत तंबू थडथडत होता. सकाळी मी निरांजन लावायला बसले. काडी ओढली की विझे. सतरा काड्या गेल्या. शेवटी गाडीत शिरून, काचा लावून, मागच्या सीटवर देव मांडला, तेव्हा कुठे वात धरली. नामं झाली. नेम मोडला नाही.

बाहेर आले तर हे आणि बाळ निघालेले. जवळच्या वस्तीवर ह्यांनी पूर्वी खोदलेली विहीर होती, तिचा हातपंप बिघडला असल्याचं तिथला तुर्काना जमातीचा एक म्हातारा सांगायला आला होता.

"दोन तासांत येतो," हे म्हणाले. "खिचडी टाकून ठेव. आणि दुपारी, वारा पडला की, तुझ्याशी जरा बोलायचंय."

"काय?"

"दुपारी."

बोलायचंय म्हणताना त्यांनी तंबूकडे पाहिलं. तंबूत त्यांच्या अंथरुणावर डबा होता.

ते गेले. मी स्टोव्ह लावायला घेतला. रात्रीतून त्यात वाळू गेली होती. पंप मारला, पिन घातली, काही उपयोग नाही. मग तीन दगड मांडले, गाडीच्या आडोशाला वाळकी लाकडं रचली. लाकूड धरेना. कागद हवा होता. कागद शोधायला मी तंबूत गेले, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

डब्यात पत्रं असतील असं मला वाटत होतं. किंवा तिची एखादी साडी, वास राहिलेली. मी बसले आणि झाकण काढलं.

आत वाती होत्या.

बोटभर लांबीच्या कापसाच्या वाती. शंभराची एक जुडी, लाल दोऱ्याने बांधलेली. अशा जुड्यांवर जुड्या, थरावर थर, डबा निम्म्याच्या जवळ भरलेला. हे काय आहे ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. लक्षवातींचं व्रत. माझ्या आजीने केलेलं मी पाहिलं होतं. लाख वाती स्वतःच्या हाताने वळायच्या आणि एकदम तुपात भिजवून देवापुढे लावायच्या. काहीतरी फार मोठं मागायचं असलं की बाई हे व्रत धरते.

म्हणजे रेवतीने धरलं होतं. चपला सांभाळणारी, मगरींच्या पाण्यात उतरणारी, टायर बदलणारी ती, तिने हेही केलं होतं. आणि भावाला कळूसुद्धा दिलं नव्हतं. मी रोज दोन वाती वळून स्वतःला मोठी भक्तीण समजत होते, आणि इथे हजारो. ह्यांनी बूट का काढले ते आता कळलं. माझ्या देवापुढे न काढलेले बूट तिच्या वातींपुढे काढले होते.

एकच दार माझं होतं. त्यातूनही ती आधीच आत जाऊन बसली होती.

मी पहिली जुडी उचलली. तंबूबाहेर आले, तिच्यावर रॉकेल ओतलं आणि लाकडांखाली सरकवली. काडी लावली. भस्सकन पेटली. लाकडांनी धरलं. तिथेच थांबायला हवं होतं. चूल पेटली होती. पण मी परत तंबूत गेले आणि डबाच घेऊन आले. खिचडी चढवली आणि पातेल्याजवळ बसून एकेक जुडी आत टाकत राहिले. दोरा आधी जळायचा, मग वाती सुट्या व्हायच्या, पांढऱ्या, मग नारिंगी, मग काहीच नाही. मी रडत नव्हते. तोंडात सकाळचंच नाम चालू होतं, जिभेच्या सवयीने. खिचडी शिजली तेव्हा डबा रिकामा होता.

झाकण लावून मी तो अंथरुणावर जसा होता तसा ठेवून आले.

बाळ आधी परतला. ह्यांना वस्तीवर चहाला थांबवलं होतं. हातात मासा होता, दोरीत अडकवलेला. "हा माझा मी भाजतो, ताई. तुम्ही तिकडे बघू नका." मग चुलीपाशी बसून म्हणाला, "दिनकरराव आज कसे मोकळे झालेत बघा. दुपारी तुम्हाला सांगणार आहेत ना?"

"काय सांगणार आहेत?"

"मी सांगितलं असं म्हणू नका हं." त्याने आवाज उतरवला. "रेवी आजारी पडली, तेव्हा त्यांच्या आईचं पत्र आलं होतं, लाख वाती करा म्हणून. रेवी हसली. म्हणाली, मला कापूस कुठून कुठे ओढायचा ते माहीत नाही, तुम्हीच वळा. आणि ह्या माणसाने खरंच वळायला घेतल्या! साइटवर, तंबूत, दिवसभराचं ड्रिलिंगचं ग्रीस काढून हात धुवायचे आणि बसायचे. तिच्या पलंगाशी बसून वळायचे. ती चिडवायची, अहो, ही वात आहे की दोरखंड? पण मग तिलाच त्याची ओढ लागली. म्हणाली, मी बरी झाले तर तळ्यावर जाऊन एकदम लावू. नाही झाले तरी लावा. मला ते पाणी उजळलेलं बघायचंय. कुठून तरी बघेन." बाळने माशाची दोरी सोडली. "एकेचाळीस हजार झाल्या आणि ती गेली. त्यांनी तिला शब्द दिला होता. पण नंतर एकही वळता आली नाही."

चुलीत राख होती. कापसाची राख लाकडाच्या राखेहून निराळी दिसते. मऊ, पांढरी, फुंकर मारली की उडेल अशी. बाळला ती दिसली नाही.

हे आले. हात धुऊन बसले. मी ताट वाढलं. पहिला घास घेतला आणि क्षणभर थांबले. मग जेवत राहिले. "थोडी अजून वाढ," म्हणाले. मी वाढली. ताट स्वच्छ केलं. माझं ताट मी तसंच झाकून ठेवलं.

दुपार टळली, वारा पडला. पाणी एकदम निवांत झालं. बाळ गाडीखाली शिरून काहीतरी ठोकत होता. हे काठाशी एका काळ्या दगडावर जाऊन बसले. मी मागून गेले.

"डबा रिकामा आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"बघितलात?"

"नाही. खिचडीला जळल्या कापसाचा वास होता. तो वास मी ओळखतो. वळताना बिघडलेल्या वाती मी रोज जाळायचो."

"मग जेवलात कसे? बोलला का नाहीत?"

"तू बोलतेस का, ते बघत होतो."

मी खाली वाळूत बसले. "मला वाटलं त्या त्यांनी वळल्यात. मला वाटलं, देवसुद्धा त्यांचाच होता. मला फार... मला मत्सर वाटला. मी मुद्दाम केलं. चूल एका जुडीत पेटली होती." आयुष्यात मी इतक्या मोठ्याने बोलले नव्हते. "मला परत पाठवायचं तर पाठवा."

त्यांनी पाण्याकडे तोंड फिरवलं. उठले, पाण्याच्या कडेने चालत गेले. दूर गेले, अगदी काळ्या ठिपक्याएवढे. मला वाटलं, संपलं. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर तेही तोंडात येईना. सोळाव्या वर्षापासून पहिल्यांदा.

परत आले तेव्हा उन्हं पिवळी झाली होती. माझ्यासमोर बसले.

"तुला इथे का आणलं सांगू? दोन वर्षं तुला वाती वळताना बघतोय. व्हरांड्यात पेपर नुसता हातात असतो. मनात यायचं, हिच्याजवळ बसलो तर माझ्या राहिलेल्या पुऱ्या होतील. पण कसं विचारू? एका बायकोसाठी धरलेलं व्रत पुरं करायला दुसरीला कसं बसवू? वाटलं, इथे आणून, तळं दाखवून विचारावं."

"मी वळते," मी म्हटलं. "सगळ्या. एकपासून. लाखच्या लाख."

"नाही." एवढा कठीण आवाज त्यांनी माझ्याशी कधी काढला नव्हता. "वळायच्या मी. शब्द मी दिलाय. तू कापूस निवडून द्यायचा आणि समोर बसायचं. रोज. हीच तुला शिक्षा, आणि तेच माझं मागणं. कापूस आहे?"

मी देवाच्या पेटीतून कापूस आणला. त्यांनी हात धुतले, बूट काढले. पहिली वात वळली. वाकडी, मधेच जाड. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. अकरा वळल्या.

"रोज अकरा," म्हणाले.

"लाखाला पंचवीस वर्षं लागतील हो!"

"लागू देत. तुला कुठे जायचंय?"

नैरोबीला परतल्यावरही रोज अकरा वळल्या. दिवाबत्ती झाली की ते माझ्यासमोर पाटावर बसायचे. दवाखान्यातला कापूस ह्या कामाला चालत नाही, म्हणून मी मेरू गावाच्या बाजूने कपाशी आणवायची, सरकी काढून, तंतू मोकळे करून द्यायची. लोक म्हणायचे, सबनीस पतिपत्नी किती भाविक, जोडीने बसतात. लोकांना काय माहीत, त्या अकरा वातींपुरते हे तिचे असायचे आणि मी त्यांना तिच्याकडे जायला कापूस पुरवायची. कधी एखाद्या संध्याकाळी मी मुद्दाम एखादी सरकी आत राहू द्यायची. त्यांचं बोट अडायचं. ते मान वर करून माझ्याकडे बघायचे, सरकी काढून माझ्या तळहातावर ठेवायचे. तेवढा क्षण माझा. त्यांना कळत होतं, हे मला माहीत होतं. त्यांनी कधी थांबवलं नाही.

पंचविसावं वर्ष सरता सरता हे गेले. तीनशे आठ उरल्या होत्या. शेवटच्या आठवड्यात हात उचलत नव्हता, तेव्हा कापूस माझ्याकडे सरकवून म्हणाले, "उरलेल्या आता तुझ्या. आणि तिथेच लाव." मी वळल्या, रोज अकरा. माझ्या सुबक वाती त्यांच्या वाकड्या वातींत लपत नाहीत. आता लपवायच्याही नाहीत.

परवा बाळ आला. काठी टेकत येतो हल्ली. म्हणाला, "ताई, मी येतो सोबत. तुम्ही एकट्या कशा जाल?"

"नको," मी म्हटलं. "आम्ही तिघं पुरे आहोत."

तो उभ्या उभ्या रडला.

आज सकाळी दिवा लावला, नामं झाली. तुपाचे डबे, पाणी, तंबू, सगळं मुतुआने गाडीत मागे भरलं. हा ड्रायव्हर बाळच्या गॅरेजमधला, तळ्यापर्यंतचा रस्ता त्याच्या ओळखीचा. शेवटी व्हरांड्यातून तो डबा घेऊन आला. काठोकाठ, दाबून भरलेला. झाकणावरचा निळा रंग उडालाय, पण नाव वाचता येतं. मागच्या सामानात तो जागा करायला लागला.

"तो डबा मागे नको," मी म्हटलं. "इकडे द्या, माझ्या मांडीवर."

त्याने दिला. मी नीट बसवून घेतला, मग वाकून पायांतल्या चपला काढल्या आणि सीटखाली सारल्या.

"चला," मी म्हटलं.